बिनमिरचीचा पाटा

वारा, तुम्हाला सांगतो, त्या दिवशी सकाळपासून खाडीवरनं असा सुटला होता की दोरीवरचं माझं धोतर जाऊन समोरच्या शेवग्यावर बसलं, पत्र्यावर ठेवलेली वीट दोनदा सरकली, आणि चुलीतला जाळ भांड्याखाली राहायचं सोडून भिंत चाटायला लागला... आणि नेमका त्याच दिवशी मला हलका स्वैपाक करायचा होता. हलकं द्या, म्हणाले डॉक्टर. बोलायला काय जातं?

ही एकाहत्तर सालची दिवाळी सरल्यावरची गोष्ट. आम्ही तेव्हा नवघरला, चार खोल्यांच्या बैठ्या चाळीत. मी मिठागरावरनं नुकताच मोकळा झालेलो, आणि आमची मंडळी, म्हणजे गोदूबाई, एकवीस दिवसांच्या तापातनं उठलेली. उठलेली म्हणजे काय, खाटेवर पडलेलीच, फक्त ताप उठून गेलेला. पेज नको, वरणाचं पाणी नको, चमचा जवळ नेला की तोंड भिंतीकडे. डॉक्टर आले, नाडी बघितली, मला पडवीत घेतलं आणि म्हणाले, "दाजी, परवापर्यंत पोटात काही गेलं नाही तर मुंबईच्या इस्पितळात न्यावं लागेल. कोंबडी चालेल, पण मिरची नको, मसाला नको, तेलाचा तवंग नको. हलकं द्या." आणि हे भिंतीआडनं ऐकून आमच्या मंडळींचा आवाज आला, "मी खाटेसकट जळेन, पण इस्पितळात जाणार नाही." आता मला सांगा, आवाजाला ताकद आहे आणि घास गिळायला नाही, याला काय म्हणायचं?

मी खाटेजवळ बसलो. म्हटलं, तू सांग, काय खाशील? मी करतो. तर पत्र्याकडे बघत म्हणते, "वांद्र्याला मड्डमकडे कामाला होते ना लग्नाच्या आधी, तिचा मुलगा आजारी पडला की ती कोंबडीचे गोळे करायची, पांढरे, आणि खाली त्या नळ्यांच्या शेवया. मलाही वाटीभर द्यायची. पोटाला कळायचंही नाही काही खाल्लं म्हणून. ते असतं तर दोन घास..." आणि पुन्हा भिंतीकडे तोंड.

झालं. चाळीस वर्षांत या बाईने माझ्याजवळ काही मागितलं नव्हतं, आणि मागितलं ते काय, तर नळ्यांच्या शेवया. मी टोपी घातली आणि निघालो.

हिरजीभाईच्या दुकानात गेलो. म्हटलं, नळ्यांच्या शेवया द्या. तो म्हणतो, "दाजी, सीधी सेव ले जाओ ने, इधर नळी कौन खाता है?" मी म्हटलं, मी बसतो, तुम्ही शोधा. बसलो गोणीवर. मला घाई नसते, तुम्हाला माहीत आहे. मिठागरावर पाणी आटायची वाट बघत आयुष्य गेलं, हिरजीभाई तो किती वेळ आटणार नाही? दोन गिऱ्हाइकं झाली, तीन झाली, शेवटी कंटाळून शिडी लावली त्याने आणि अगदी वरच्या फळीवरनं एक पाकीट काढलं, त्यावर बोटभर धूळ. "ये गलती से आया था, मकरोनी. आप ले जाओ, मेरेकू भी छुटकारा." मी एक नळी काढून डोळ्याला लावून बघितली. आरपार दिसत होतं. किडा नव्हता. घेतलं.

कोंबडी आमच्या मागच्या बाळारामकडची. त्याने सोलून दिली, पण खिमा करून दे म्हटल्यावर हसत सुटला. "दाजी, कोंबडीचा कुणी खिमा करतं? मग चोखायचं काय, बोटं?" मी म्हटलं, बाबा, चोखायला ताकद लागते आणि तीच आणायची आहे. हाडं वेगळी केली, मांस घरी आणलं, कोयत्याने बारीक केलं, पण कोयता तो, गवत कापायचा, तुकडे राहिलेच. मड्डमकडे म्हणे टेबलाला आवळायचं यंत्र होतं. आमच्याकडे पाटा.

आणि इथे माझं डोकं चाललं बघा, चालायला नको तिथेच. आमचा पाटा तीस वर्षं मिरची वाटून वाटून असा मुरलेला की नुसतं पाणी ओतलं तरी ठसका लागतो. तो चालणार नाही. मिरची नको, म्हणाले डॉक्टर. हलकं द्या. मग बिनमिरचीचा पाटा कुणाकडे? तर शेजारी जिजाबाईकडे. तिच्याकडे दोन पाटे, एक रोजचा, आणि एक पुरणाचा, होळीला निघायचा, एरवी फडक्यात गुंडाळून देव्हाऱ्याखाली. मी दारात गेलो, म्हटलं, जिजाबाई, हिच्यासाठी हलकं वाटायचंय, मिरची न लागलेला पाटा पाहिजे. तिने एक शब्द विचारला नाही. "वैनीसाठी ना? न्या, पर संबालून, लय जड हाय." दोन्ही हातांनी उचलून दिला मला.

तुम्हाला सांगतो, हलक्या जेवणासाठी इतकं जड ओझं मी मिठागरावरही उचललं नव्हतं.

बसलो वाटायला. चूल वाऱ्याने विझू नये म्हणून भोवती गोणपाट बांधलं, टोपात पाणी चढवलं, आणि पाट्यावर कोंबडी घेतली. वरवंटा काय सुरेख चालत होता... लोण्यासारखा. अर्धी कोंबडी वाटून झाली असेल, तेवढ्यात खाटेवरनं आवाज आला.

"अहो, हा आवाज आपल्या पाट्याचा नाही."

मी वरवंटा जरा हळू केला.

"आपला पाटा डाव्या कोपऱ्यात खरखरतो. हा गुळगुळीत बोलतोय. होळीला ऐकते मी भिंतीपलीकडनं. अहो, हा जिजाबाईचा पुरणाचा पाटा आहे. काय वाटताय त्याच्यावर?"

आणि तेव्हा, तुम्हाला सांगतो, तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. जिजाबाई माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, घरात कांदासुद्धा नाही. आणि मी तिच्या देव्हाऱ्याखालच्या पाट्यावर बाळारामची कोंबडी वाटत होतो! दिवसभर मी नुसता मिरची, मिरची, मिरची करत फिरलो, त्यात कोंबडीचं म्हणून काही असतं हे ध्यानातच आलं नाही. हात तसाच वरवंट्यावर. आता थांबलो तर पाटाही गेला आणि कोंबडीही गेली. मी म्हटलं, पाटा तर बाटलाच, निदान बाई वाचू दे. आणि उरलेली अर्धी वाटून काढली.

"मी त्या पाट्यावरचं खाणार नाही," आमच्या मंडळींनी जाहीर केलं. "जिजाबाईला तोंड कसं दाखवू?"

मी म्हटलं, तोंड नंतर दाखव, आधी उघड. पण नाही. मात्र शिकवणं चालूच, खाटेवरनं. "त्यात पाव कुस्करा. अंडं घाला. केवढाले वळताय, क्रिकेट खेळायचंय का? सुपारीएवढे करा." खाणार नाही म्हणणारी बाई सुपारीचं माप देते! मीठ मात्र मला कुणी सांगू नका, मीठ मी नुसत्या वासावर टाकतो. पहिला गोळा पाण्यात सोडला, तो विरघळून नाहीसा झाला. दुसरा अर्धा उरला. मी आणखी पाव घातला, तिसरा सोडला आणि चुलीजवळ उकिडवा बसून त्याच्याकडे बघत राहिलो... राहिला. मग एकेक करत अठरा सोडले. दुसऱ्या टोपात नळ्या, तांदळासारख्या तीन पाण्यांत धुतलेल्या. त्या फुगल्या, झाकण उचलून वर आल्या, अर्ध्या चुलीत गेल्या. उरल्या तेवढ्या गाळल्या, वर टोमॅटोचं पाणी, त्यावर पाच गोळे.

आणि हा सगळा वेळ वारा काय करत होता? तर माझ्या चुलीवरचा वास उचलून सरळ जिजाबाईच्या दारात नेऊन ठेवत होता.

मी ठरवलं, आपणच जाऊन सांगायचं. हात पुसले, वळलो, तर ती उंबऱ्यात उभी. नाकाला पदर. नजर पाट्यावर. मी धुतला होता तो, राखेने घासून तीनदा, पण धुतलेला पाटाच जास्त बोलतो.

मी म्हटलं, जिजाबाई, मी त्यावर कोंबडी वाटली. मिरचीच्या भीतीने बाकीचं सुचलंच नाही. चूक माझी, हिची नाही, ही तर खायलाही तयार नाही.

तिने पाट्याकडे बघितलं, मग खाटेकडे बघितलं. आमच्या मंडळींनी तोंडावर पांघरूण ओढून घेतलेलं. मग जिजाबाई आत आली, लांबच, भिंतीला टेकून बसली, एका हाताने नाक दाबलेलं, आणि पदराआडनं म्हणाली, "वैनी, ऊठ. मनाच ह्यो वास सोसवत न्हाय आन मी बसलेय. तुना काय झालं? माजा पाटा तुज्यासाठी गेला, आता तू बी गेलीस तं मी कोनाला बोलू? खा."

गोदूबाई उठली. मी ताट पुढे केलं. पहिला घास गेला. थांबली. मी पाण्याचा तांब्या पुढे सरकवला... दुसरा गेला. नळी तोंडात घेऊन अशी चोखली की मला चाळीस वर्षांमागची पोर दिसली. पाचही गोळे गेले, तुम्हाला सांगतो, आणि ती म्हणते काय, "मीठ जरा कमी आहे." मला! मिठागरावरच्या माणसाला!

इस्पितळ टळलं. मी पाटा उचलून जिजाबाईसमोर ठेवला, म्हटलं, काय करायचं याचं, तुम्ही सांगाल ते. दगड घडवणाऱ्याकडनं नवा आणून देतो, डोक्यावरनं आणतो. तिने मान हलवली, हो म्हणून, आणि उठली. दारापर्यंत गेली, नाकावरचा पदर काढला, मोठा श्वास घेतला आणि वळून म्हणाली, "ह्यो ऱ्हाऊ दे तुमच्याकडंच. पर दाजी, उद्या वैनीला काय हलकं करनार हाव, तं आताच सांगा. म्हंजे कंचं भांडं लपवून ठेवाचं, तं मना समजंल."