गण कापलेला अल्बम

हॅलो?… कोण, ऋत्विक? बोला, बँडवाले!… आजीच बोलतेय रे, दुसरी कोण असणार ह्या घरात… हो, ऐकला तुमचा अल्बम. शेजारच्या रेणुकाने खळ्यात स्पीकर लावला. अख्खी वाडी जमलेली. बायका कालवण चुलीवरून उतरवून आल्या… मीच बोलावली! म्हटलं, माझ्या नातवाच्या अल्बमात ह्यांनी शिमग्याच्या नमनातला गणपतीचा गण गायलाय. जपानात एक बाई तो ऐकता ऐकता बाळंत झाली, नि पोर रडायचं सोडून ताल धरून बसलं… हो, थापच मारली! हसू नको मेल्या. ऐक ना… अरे, आधी ऐक!

पाऊण तास बसलो. गिटारी किंचाळल्या, मग कायतरी घरघरलं. जाईबाई म्हणते, पंप बिघडला गो कुणाचा… हां, मृदुंग वाजला. तुझ्या आजोबांचाच. सखूने डोळ्याला पदर लावला. मी म्हटलं, थांबा, आता ह्यांचा आवाज येईल… नि संपलंच की रे!… कुठाय आवाज?… काढला? काढला म्हणजे?… कापला?… हो, हो, कळलं. तुमच्या बँडमध्ये कुणी गात नाय, नुसती वाद्यं वाजतात… मग तेव्हाच सांगायचं होतंस! धाप लागलेली ह्यांना, उभं राहवत नव्हतं. तरी धुतलेला सदरा घालून, मृदुंगाच्या पाया पडून अख्खा गण म्हणाले. नातवाने मागितला म्हणून… चाळीस वर्षं नमनात उभे राहिले, पण कुणी कधी रेकॉर्ड नाय केलं. तू केलंस. तेवढंच.

नको, माफी नको मला. ती फाइल का काय ती पाठव, आजोबांच्या गाण्याची. परवा वर्षश्राद्ध आहे त्यांचं. पान वाढल्यावर लावीन म्हणते… हॅलो?… ऋत्विक?… कसली डिस्क?… जागा नव्हती म्हणून पुसलं?… सगळं?… दुसरीकडे कुठे, तुझ्या बँडातल्या त्या विनीतकडे तरी?… नाय?…

…आहे. आहे मी फोनवर… नाय रे, रडत कुठे… काय?… कंप्युटरवर तसाच आवाज बनवून देतोस?… परवापर्यंत? कुणाला कळणारसुद्धा नाय?…

राहू दे, बाळा. खोटं सांगायला ह्या घरात मी आहे अजून… हं. ठेव आता.