सगळे हात सुखरूप

आगरदांड्याच्या धक्क्यावर आम्ही दिघीच्या होडीची वाट बघत होतो. माझ्या शेजारी बसलेल्या कोळणीने हातातली तार एका म्हाताऱ्यापुढे धरली.

"बाबाजीकाका, तुम्ही बोटीवर व्हता, तुमाला इंग्रजी कळतं. पोस्टात वाचून दाखवलं, बोट बुडाली, सगळे हात सुखरूप. माझ्या घरवाल्याचे नुसते हातच सापडले का?"

"न्हाय गं बाय. बोटीवर हात म्हणजे कामाचा माणूस. तीस वर्षं मीपण हातच व्हतो."

"म्हणजे येसाजी जिता हाय?"

"समदे जिते हायत."

तिने तारेची नीट घडी करून ती कमरेला खोचली.

"इंग्रजीत आनखी कशाकशाला हात म्हणतात?"

"घड्याळाच्या काट्याला. पत्ते खेळताना वाट्याला आलेल्या पानांना. आपल्या अक्षरालाबी."

"अक्षराचं पटतं, हातानंच लिवतात. पण माणसाला माणूस का न्हाय म्हणत?"

"बोटीला माणसाचा हातच तेवढा लागतो, बाय. चल, होडी आली. दिघीला कुणाकडं निघालीस?"

"त्याच्या आयशीकडं. तिला कसं सांगू, कळत नव्हतं."

"आता काय सांगशील?"

"सांगीन, तुझा ल्योक आख्खा हाय."