पैलवानाला आणू नका

हॅलो?… थांबा हो, एक मिनिट… माझे हात टर्पेंटाइनमध्ये बुडाले की बरोब्बर फोन वाजतो, कुठून कळतं कोण जाणे… हां, बोला ताई.

काही नाही, ब्रश धुतेय. तुमच्या भावाचे. दहा दिवसांपूर्वी छत रंगवताना स्टुलावरून पडले, तेव्हापासून तसेच आहेत. पार खराटे झालेत… छे, टाकून कसे देऊ? बायकोपेक्षा जास्त जपलेत त्यांनी.

आत आहेत, पडून. गळ्यात पट्टा आहे ना… हो, मान हलवायची नाही. काल शेजारीण आली तर अख्खे वळून बघितलं, कपाट फिरवावं तसं.

काय?… कुठे निघालात?… पैलवानाला घेऊन?

ताई, कशाला… नाही, नाही, त्याच्या हाताला मी कुठे नावं ठेवतेय? अहो मीच नेत होते ना यांना मालिशला, सहा महिने, दर गुरुवारी. मान धरून कडकन वाजवायचा, दोन दिवस बरं वाटायचं… हो, तुमचा खांदाही त्यानेच बसवला, माहितीये. पण आत्ता नको.

अहो ऐका ना… ऐका तर. डॉक्टरांनी मानेला कुणाचा हात लागू देऊ नका म्हणून बजावलंय… हो, डॉक्टर असंच म्हणतात. बरोबर. पण या वेळी…

मुका मार?… मी म्हणाले होते? म्हणाले असेन.

कुठवर आलात?… पुलाजवळ? म्हणजे दहाच मिनिटं… टॅक्सी वळवा ना. सांगा काहीतरी, घरी पाहुणे आलेत म्हणा… तो शेजारीच बसलाय? ऐकतोय?… बरं.

ताई, परवा ऑपरेशन आहे.

हो, परवा. सकाळी… सांगणारच होते. काल फोन हातात घेतलाही होता, मग भाजी करपली… मानेचं. मागून… नाही, मुक्या माराला ऑपरेशन करत नाहीत, खरंय तुमचं… नाही, हाडही मोडलेलं नाही.

मग काय म्हणजे… पडले म्हणून फोटो काढले ना, त्यात ते दिसलं… ते म्हणजे ते. आम्ही घरात त्याला तेच म्हणतो. दोघंही.

कुणी फोन केला?… यांनी? तुम्हाला?… आज सकाळी? मी दुकानात गेले होते तेव्हा. आणि मला म्हणाले, डोळा लागला होता… काय म्हणाले?… 'पैलवानाला गुपचूप घेऊन ये, तिला कळू देऊ नकोस'… वा. आणि तुम्ही वाटेतूनच मला फोन केलात. म्हणजे पाल चुकचुकली तुमच्याही मनात… आवाज कसा होता त्यांचा?… हं. रात्रीपासून तसाच आहे.

काही नाही हो, ताईंचा फोन आहे… पडून राहा. उठू नका म्हटलं ना.

तेच उठत होते… ताई, तुमच्या भावाला ऑपरेशन करून घ्यायचं नाहीये. डॉक्टर म्हणाले, बोटं पहिल्यासारखी चालतील याची खात्री देत नाही. तेवढंच धरून बसलेत. नाही केलं तर आधी हात जातील आणि मग पाय, हे त्याच दमात म्हणाले होते, ते कानांवरून गेलं. पैलवानाने एकदा मान वाजवली की सगळं सुटेल, असं वाटतंय त्यांना.

मी तरी कोण मोठी शहाणी. भिंत नि छत मिळतात ना, तिथली रेघ हे नुसत्या हाताने मारायचे. चिकटपट्टी लावून रंगवणाऱ्यांना हसायचे. आणि सहा महिन्यांपूर्वी यांच्याच पिशवीत पट्टीचं रीळ सापडलं. मी चिडवलं, आता तुम्हीही शिकाऊ झालात म्हणून. शर्टाची बटणं लावता येईनात, तर मी म्हटलं, लाड करून घेताय… हो, तुमच्याकडे हातातून कप सुटला तेव्हा तुम्हीही बोललात. जाऊ द्या. आपण सगळेच बोललो.

नाही ताई, पडून काही झालेलं नाही. पाय आधीपासूनच ऐकत नव्हते, म्हणून पडले. डॉक्टरांनी समोर बसवून सांगितलं.

हळू का बोलू?… ऐकू दे. दार उघडंच आहे, माझ्याकडेच बघतायत.

गाठ आहे. मानेच्या मणक्यात, आत, शेंगदाण्याएवढी. मज्जारज्जूवर दाबतेय. त्यावर कुणी मान पिरगाळली तर परवा ऑपरेशन करून सोडवायला काही उरायचं नाही… कसली आहे ते काढल्यावर कळेल. गाठ आहे, ताई.

हॅलो?… आहात ना?

कोण, पैलवान?… तोच म्हणाला टॅक्सी थांबवा?… बरं. उतरू दे त्याला.

तुम्ही या… हो, ऐकलं यांनी. तुम्ही या, एकट्या या.