हनुवटीखालचं ऊन

रत्नमाला : वर कर हनुवटी, रुचू. अजून वर. हां, अशीच राहा. आई, हे बघा.

विमलाबाई : पाहून राह्यली. घामोया आहेत.

रत्नमाला : घामोळ्यांना बारीक दाणे असतात. हे सपाट आहे, लाल आहे आणि हात लावला की गरम लागतं. उन्हानं जळलंय हे.

विमलाबाई : हनुवटीखाली कोनतं ऊन लागते वो? सूर्य काय आता जमिनीतून निंगते आपल्या कारध्या गावात?

रत्नमाला : तेच विचारते मी. कपाळ चांगलं आहे, गाल चांगले आहेत. लाल कुठे? नाकाच्या खाली, हनुवटीच्या खाली, कानाच्या पाळीच्या मागे. म्हणजे ऊन खालून आलं.

विमलाबाई : अन् हे पाहाले तू लॅबमदली अर्धी सुटी टाकून भंडाऱ्याहून आली? सांगून आली असती तं एक मूठ भात जास्त टाकला असता.

रत्नमाला : सांगून आले असते तर मला काय दिसलं असतं?

विमलाबाई : असं हाय तं. सून सासूवर पाळत ठेवून राह्यली.

रत्नमाला : काल कालवणात मासोळ्या होत्या. कुठून आल्या?

विमलाबाई : शेजारच्या शकुनं देल्ल्या. तिच्या नवऱ्याच्या जाळ्यात लागल्या, तिनं वाटीभर देल्ल्या. शेजारनीनं देऊ नाही का?

रत्नमाला : शकुबाईनं घरी आणून दिल्या, का तुम्ही नदीवर जाऊन घेतल्या? रुचूला डोंग्यात बसवून?

विमलाबाई : मी? ह्या पोट्टीले? डोंग्यात?

रत्नमाला : पाण्यावर बसलं की ऊन दोनदा लागतं, आई. एकदा वरून आणि एकदा पाण्यावरून उलटून. टोपी वरचं अडवते, खालचं नाही. हिचं अगदी तसंच जळलंय.

विमलाबाई : मी लहानपनी ह्याच नदीतून पायी भंडाऱ्याच्या बजाराले जावो. घोट्याएवढं पानी राहे.

रत्नमाला : ती नदी आता नाही राहिली. गोसे धरणाचं पाणी मागे तुंबल्यापासून काठालाच डोक्यावर पाणी आहे.

विमलाबाई : तू कालची आलेली, मले नदी सांगते? पानी चढलं तवापासून मी काठाले पाय नाही लावला. चिंधूचा बैल गेला न तिथं, सगळ्याईच्या समोर.

रत्नमाला : मग हे कसं झालं? तुम्ही दोघीच असता दिवसभर घरात. ती पाच वर्षांची, ती सांगत नाही. तुम्ही सांगत नाही. तुमचा मुलगा अतुल नागपुरातून शनिवारी येतो आणि म्हणतो, आईवर भरवसा ठेव.

विमलाबाई : मंग ठेव न.

रत्नमाला : नाही ठेवता येत आता. उद्या सकाळच्या एसटीनं मी हिला साकोलीला माझ्या आईकडे सोडते. शाळा उघडेपर्यंत.

विमलाबाई : ने. तुह्या मायकडं पंखे दोन हायेत, कूलर हाय. ने. पन जाशीन तं थे ट्यूबबी संगं ने.

रत्नमाला : कोणती ट्यूब?

विमलाबाई : जे तू रोज सकाळी पोट्टीच्या तोंडाले फासते अन् गाडी काढते. माह्या मनानं तिनंच जळलं. काय काय घालतात त्याच्यात, कोनाले मालूम!

रत्नमाला : तिनं जळलं असतं तर लावते तिथे सगळीकडे जळलं असतं. कपाळावर तर सगळ्यात जास्त लावते मी.

विमलाबाई : कपाळावर राहतच नाही थे.

रत्नमाला : राहत नाही म्हणजे?

विमलाबाई : तुही गाडी पुलावर चढली, का मी ओल्या फडक्यानं पुसून टाकतो.

रत्नमाला : आई! किती दिवस चाललंय हे?

विमलाबाई : आनली तवापासून. महिना झाला असंन.

रत्नमाला : आणि पाळत मी ठेवते! काहून पुसता?

विमलाबाई : हां, आता निंगली तुह्या तोंडून आपली बोली. काहून म्हंजे? तू पोट्टीले गोरी करून राह्यली म्हनून.

रत्नमाला : ती गोरं करायची नाहीच मुळी. ऊन अडवायची आहे.

विमलाबाई : वरती गोऱ्या बाईचं चित्र कायले मंग?

रत्नमाला : ते छापणाऱ्याची अक्कल. सावळ्या कातडीला ऊन जरा उशिरा बाधतं, पण बाधतंच.

विमलाबाई : तुह्या मायनं नामकरनाच्या दिवशी सगळ्याईच्या समोर म्हनलं, नाक माह्या पोरीचं, पन रंग मातर आजीचा उचलला. सगळे हासले. मीबी हासली.

रत्नमाला : मी नव्हते हसले.

विमलाबाई : तू काही बोललीबी नव्हती. बाळंतीन होती, म्हनून मी मनात नाही धरलं. पन ट्यूब आली तवा याद आली.

रुचिता : मम्मी, मी साकोलीले नाही जात. आमी नदीवर नाही गेलो.

रत्नमाला : मग कुठे गेलात, बाळा?

रुचिता : तंबूत.

रत्नमाला : कोणता तंबू?

रुचिता : आजीनं सांगतलं, मम्मीले सांगाचं नाही.

रत्नमाला : बोला, आई. आता तुम्हीच बोला.

विमलाबाई : काय बोलाचं? वरती, गच्चीवर. गव्हाच्या कुरोड्या वायत घातल्या हायेत. मांगच्या सालच्या माकडाईनं नेल्या, टोपलंभर. राखाले बसा लागते. अन् पोट्टीले खाली एकटी सोडून बसू?

रत्नमाला : अकरा ते चार हिला गच्चीवर न्यायचं नाही, असं ठरलं होतं आपलं.

विमलाबाई : उन्हात न्याचं नाही, असं ठरलं होतं. मी सावलीत नेलं. दोन लुगडे दुहेरी करून बांधले, पान्याच्या टाकीपासून तारेपर्यंत. एक किरन पडू देल्ला नाही तिच्यावर. कुरोड्या उन्हात अन् आमी सावलीत.

रत्नमाला : मग लपवायचं कशाला?

विमलाबाई : तू कॅलेंडरवर रोज डिग्री लिहून ठेवते. आज त्रेचाळीस, आज चव्वेचाळीस. तुह्यासंगं बोलाचं म्हनलं तं हातात थर्मामीटर घेऊन बोला लागते. म्हनून नाही सांगतलं.

रत्नमाला : चला वर. मला तो तंबू बघायचा आहे.

(तिघी जिना चढून गच्चीवर येतात. रत्नमाला लुगड्यांच्या सावलीत वाकून शिरते आणि रुचिताच्या उंचीची होऊन बसते.)

विमलाबाई : दिसला का कुठी उन्हाचा कवडसा? शोध, शोध.

रत्नमाला : नाही. सावली पक्की आहे.

विमलाबाई : मी काय म्हनत होती!

रत्नमाला : पण डोळे उघडवत नाहीत इथे.

रुचिता : मी पन डोये मिटून बसतो, मम्मी.

विमलाबाई : मले वाटे, पोट्टीले झोप येऊन राह्यली.

रत्नमाला : थांबा. हात असा आडवा धरते. वरची बाजू ठीक आहे. तळहाताला मात्र झळ लागते. खालून. आई, पाणी नाही, काही नाही, तरी ऊन खालून येतंय.

विमलाबाई : याच गच्चीवर पंचवीस वर्सापासून कुरोड्या घालतो मी. अतुल असाच माह्या मांडीपाशी बसे. त्याची हनुवटी नाही जळली कधी.

रत्नमाला : तेव्हा काय वेगळं होतं?

विमलाबाई : काही नाही. हेच टाकी, हेच तार, अशेच लुगडे. खाली काया सिमिट होता, एवढंच.

रत्नमाला : काळा…

विमलाबाई : आता पांढरा हाय. तूनंच केला न, मांगच्या मांगच्या इतवारी. जयंतीले आपला बुद्धविहार पोतारला, त्याचा चुना उरला होता. अतुलनं दोन हात मारले, तू म्हनली तिसराबी मार.

रत्नमाला : खोली थंड राहावी म्हणून. रुचूला दुपारी झोपता यावं म्हणून. चार डिग्रीनं उतरली खोली, मी मोजलं आहे.

विमलाबाई : उतरली न. नाही कोन म्हनते? पन खोलीतलं ऊन गेलं कुठी मंग?

रत्नमाला : चुना ते आत घेत नाही. उलट फेकतो, वर. पाण्यापेक्षा कितीतरी जास्त.

विमलाबाई : अन् वर कोन होतं?

रत्नमाला : तुम्ही. आणि रुचू.

विमलाबाई : मले इचारलं असतं तं मी सांगतलं असतं, गच्चीवर मे महिनाभर मानूस राहते म्हनून.

रत्नमाला : मी सगळं लिहिलं होतं, आई. किती चुना, किती पाणी, सकाळची डिग्री, दुपारची डिग्री. वर कोणी बसत असेल, हे धरलंच नाही. आणि आल्या आल्या तुमच्यावर नदी ढकलली.

विमलाबाई : मीबी तुह्यावर गोरेपना ढकलला. फिटलं.

रत्नमाला : नाही फिटलं. नामकरणाच्या दिवशी मी बोलायला पाहिजे होतं.

विमलाबाई : उतर आता खाली. डोये जातीन तुहे.

रुचिता : मम्मी, तंबू नाही न तोडाचा?

रत्नमाला : नाही तोडायचा. खाली ती काळी सतरंजी आणि गोणपाटं अंथरू, चुना झाकला जाईल असं. पण दुपारी कोणीच यायचं नाही. कुरोड्यांवर मच्छरदाणी बांधू, दगड ठेवून.

विमलाबाई : माकडाले मच्छरदानी! बरं, पाहू.

रत्नमाला : आई, जरा हनुवटी वर करा.

विमलाबाई : माही? कायले?

रत्नमाला : करा ना. …कधीपासून आग होते इथे?

विमलाबाई : होते थोडी. पाच-सहा दिस झाले. कायी कातडी, दिसत नाही लवकर. म्हनलं, म्हातारपन हाय, होत असंन.

रत्नमाला : सोललंय, आई. मला सांगितलं का नाही?

विमलाबाई : तू रुचूची पाहून राह्यली होती.

रत्नमाला : आज ओलं फडकं ठेवा दोघीही. जळलेल्यावर ट्यूब लावायची नाही. कातडी बरी झाली की सकाळी निघायच्या आधी मी लावून देईन, हिला आणि तुम्हाला.

विमलाबाई : अन् साकोली?

रत्नमाला : साकोली राहू द्या.

विमलाबाई : एक सांग मले, खरं सांग. थे लावून मी गोरी तं नाही न होनार?

रत्नमाला : नाही, आई.

विमलाबाई : मंग लाव.