वाकड्या हँडलची सायकल

…नाही, पण पायडल वेगळं? सायकलचं पायडल वेगळं विकत घ्यायचं? म्हणजे काय, सायकल आणली की वर नुसतं बसून राहायचं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला म्हणायचं, 'काका, जरा ढकलता का?' तुम्हाला सांगतो, त्या काचा लावलेल्या सायकलच्या दुकानातला सेल्समन मला हे असं शांतपणे सांगत होता की मलाच माझी लाज वाटायला लागली. 'सर, रोड बाईकला पेडल्स येत नाहीत. प्रो लोक आपापले लावतात.' प्रो! मी! त्रेचाळीस वर्षांचा, बुटाची लेस बांधताना श्वास रोखून धरणारा माणूस! मग म्हणाला, 'बजेट काय सर?' मी म्हटलं, तीस हजार. त्याने माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी जुन्या साड्या देऊन सायकल मागतोय! 'सर, तीसमध्ये… तुम्ही हायब्रिड बघा, सरळ हँडलवाली. आपल्या रस्त्यांना तेच बरं.' अरे, रस्त्यांना काय बरं ते रस्ते बघतील, मला काय हवंय ते विचार ना!

सायकलच घ्यायची होती हो मला, सायकल! विमान नव्हतं घ्यायचं!

आता तुम्ही म्हणाल, एवढं काय त्या सायकलचं. सांगतो. माझ्या ऑफिसात लुईस आहे, राहायला गिरीजला, केळीची वाडी आहे घरची. तो आणि त्याचे चारपाच दोस्त दर रविवारी सकाळी वटारकडे जातात सायकलवर. पातळ टायर, वाकडं हँडल, माणूस पुढे वाकलेला… मी दुधाची पिशवी घेऊन कोपऱ्यावर उभा असतो आणि हे लोक समोरून सुंईकन जातात. आवाज नाही, धूर नाही, काही नाही. दोन वर्षं बघतोय मी! आणि तुम्हाला खरं सांगतो, मला आयुष्यात एकदा काहीतरी फक्त माझं हवं होतं. फ्लॅट बँकेचा, टीव्ही बाबांचा, मोबाईल मुलीचा, रविवार सासुरवाडीचा. माझं काय? गुडघेदुखी!

घरी फोटो दाखवला. बायको म्हणाली, 'अहो, याला स्टँड कुठाय?' म्हटलं, नसतं. 'मडगार्ड?' नसतं. 'कॅरियर?' नसतं. 'घंटी?' वेगळी घ्यावी लागते. 'मग तीस हजार कशाचे देताय, नसण्याचे?' आणि बाबा! आमचे बाबा, आत्मारामपंत, चष्मा कपाळावर चढवून त्यांनी फोटो इतका मोठा केला की नुसतं हँडल दिसायला लागलं. 'सुम्या, फसवतायत तुला. हँडल उलटं बसवलंय यांनी. आणि दळण कुठे ठेवणार?' दळण! मी वाऱ्यासारखं जाण्याची स्वप्नं बघतोय आणि हे माझ्या पाठीमागे बाजरीचा डबा बांधतायत! मुलगी मीरा म्हणाली, 'पप्पा, मला चालवता येईल का?' नाही. 'मग आईला?' नाही. 'मग आपल्याला काय उपयोग?' आपल्याला! म्हणजे बघा, 'आपल्याला' या शब्दात मी नाहीच!

तरी मी खचलो नाही. लुईस म्हणाला, 'अरे नवीन कशाला घेतोस? माझा चुलतभाऊ शेल्डन कॅनडाला चाललाय शनिवारी. त्याची सायकल काढतोय, तीसला देईल. पायडलसकट!' पायडलसकट! मला भरून आलं हो!

ऑफिस सुटल्यावर थेट गिरीजला गेलो. शेल्डनने सायकल वाडीच्या कडेला उभी केली होती, निळी, पुसूनबिसून. म्हणाला, 'अंकल, बसून तर बघा.' अंकल म्हणाला, ते पण सोडून दिलं मी! बसलो. पहिल्यांदा वाटलं नाकावर पडतो. मग पाय फिरले… आणि काय सांगू तुम्हाला! दोन्ही बाजूंना केळी, मध्ये तो अरुंद रस्ता, समोरून खाडीकडचा वारा, आणि मी… मी जात होतो हो! कोणी मागे बसलेलं नाही, कोणाचं काही आणायचं नाही, कोणाला कुठे सोडायचं नाही. डोळ्यांत पाणी आलं माझ्या. वाऱ्याने आलं असेल, असं मी लुईसला सांगितलं. पैसे खात्यात होते, सायकल अंगाला बसत होती, मालक समोर होता. घ्यायची आणि निघायचं, एवढंच उरलं होतं!

आणि तेवढ्यात बाबांचा फोन. 'सुम्या, पक्ष चालू आहे. पितृपक्षात वाहन आणतात का घरात? सर्वपित्री होऊ दे.' म्हटलं, बाबा, सायकल आहे ती. 'चाकं आहेत ना?' म्हटलं, आणि जुनी आहे, जुनी वस्तू नवी खरेदी कशी? 'तिला जुनी, आपल्याला नवीच.' म्हटलं, तो मुलगा शनिवारी जातोय! 'आणि तुझे आजोबा गुरुवारी येतायत, त्यांचं काय?'

लुईसला सांगितलं तर तो बिचारा गोंधळला. 'अरे, आमचे नोव्हेंबरमध्ये येतात. कबरीवर मेणबत्त्या लावतो, प्रार्थना करतो. पण सायकलला कोणी अडवलेलं आठवत नाही मला.' आता याला काय सांगू? म्हटलं, आमच्यातले जरा कडक आहेत.

आता मी काय करायला हवं होतं? गप्प पैसे द्यायचे आणि सायकल लुईसच्या पडवीत ठेवायची, बरोबर? तुम्हाला कळलं ना लगेच? मला नाही कळलं! मी काय केलं असेल? मी सोसायटीच्या ग्रुपवर विचारलं!! 'पितृपक्षात जुनी सायकल घ्यावी का?' फोटो टाकला. किंमत टाकली. एका काकूंनी लिहिलं, 'किती जुनी आहे त्यावर आहे, मालकाला विचारायला हवं.' तर मी… मी शेल्डनचा नंबरही टाकला!

सायकलच घ्यायची होती हो मला, सायकल! जनमत नव्हतं घ्यायचं!

नव्वद मेसेज आले. गुड मॉर्निंगवाले पण मध्येच येऊन गेले. आणि सगळ्यांत लांबलचक कोणी लिहिलं? बी विंगच्या हर्षवर्धनने. 'सुमेध, पूर्वजांनी नियम विचार करूनच केलेत. मोह आवर. संयम ठेव.' खाली हात जोडलेले, एकदोन नाही, चांगली रांग. मी म्हटलं, काय भला माणूस! थांबलो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पार्किंगमध्ये बघतो तर निळी सायकल. शेजारी हर्षवर्धन, हेल्मेट घालून! 'अरे सुमेध, तो मुलगा चालला होता ना. म्हटलं, बाहेर कोणाकडे जाण्यापेक्षा सोसायटीतच राहील.' म्हटलं, आणि पक्ष? 'आमच्या आजोबांची तिथी परवाच झाली रे. आले, जेवले, गेले. आमचा पक्ष संपला!'

मग दसऱ्याला घरच्यांनी सरप्राईज दिलं. सायकल! झेंडूचा हार, हळदकुंकू, सगळं. पुढे बास्केट, मागे कॅरियर, जाड टायर, डबल स्टँड, आणि घंटी अशी की अख्खी बिल्डिंग खिडकीत येते. मधला दांडा खाली, कारण बायकोला आणि मीराला चालवता यायला हवी. माझ्याच पैशांतली बरं का! उरलेल्यात गिझर आला. बायको म्हणाली, 'बघा, सगळ्यांची सोय झाली.' झाली खरी. गिझरचं पाणीसुद्धा मला शेवटी मिळतं, कोमट.

आणि हर्षवर्धन? दोनदा चालवली! मान धरली, कंबर धरली, आता ती सायकल त्याच्या गॅलरीत ग्रिलला टेकवलेली, आणि त्या वाकड्या हँडलवर ओले टॉवेल! रोज बघतो मी खालून. मी कॅरियरवरचा दळणाचा डबा सरळ करतो आणि पुढे जातो.

परवा त्याने मला गेटवर गाठलं. म्हणाला, 'सुमेध, तुझी हौस माहितीये मला. तीसची आहे, वीसला घेऊन जा. पैसे सवडीने दे. आत्ता वर चल, आत्ता ने.' आत्ता, तुम्हाला सांगतो! पितृपक्ष नाही, अमावस्या नाही, वर्ज्य काही नाही. आजूबाजूला बाबा नाहीत, बायको नाही, ग्रुप नाही. मी आणि सायकल, मध्ये फक्त दोन जिने!

मी त्याच्याकडे बघितलं, घसा साफ केला आणि म्हटलं, 'घरी विचारून सांगतो.'