साखर उतरवायची युक्ती

आज उपाशीपोटीच्या तपासणीत रक्तातली साखर ताब्यात निघाली, तर उद्यापासून पुन्हा क्रेनवर बसायला मिळणार होतं. नाही तर गोदामात झाडू मारणं होतंच. दारू सोडून क्रेनवाल्याला एकेचाळीस दिवस झाले होते. तपासणीच्या खोलीबाहेर बाकावर बसून बायको त्याचे हात न्याहाळत होती. शेजारची माणसं वर्तमानपत्राआडून ऐकत होती.

"हात का कापतायत?"

"गारठ्यानं."

"प्यायलात?"

"थेंबसुद्धा नाही. वास घे हवं तर."

"मग?"

"परवापासून जेवलो नाही."

"आणि मी दिलेले दोन्ही वेळचे डबे?"

"वॉचमनच्या कुत्र्याला घातले. दारू सुटल्यापासून नुसता गोडावर तुटून पडतोय मी. म्हटलं, दोन दिवस उपाशी राहिलो की साखर आपसूक उतरेल."

"वा, हुशारी. पोट रिकामं राहिलं की तलफ उठते, असं डॉक्टरांनी दोनदा बजावलं होतं ना?"

"उठलीय."

"किती?"

"तू नंबर लावत होतीस, तेव्हा कोपऱ्यावरच्या बारपर्यंत जाऊन आलो."

"आत?"

"पायरीपर्यंत. पुन्हा गेलो तर पायरीवर थांबेन असं वाटत नाही."

"हे केळं खा."

"वेडी झालीस? खाल्लं की तपासणी रद्द. पुढची तारीख महिन्यानं. तोवर क्रेनवर दुसरा बसेल."

"बसू दे. सोला आधी."

आतून त्याचा नंबर पुकारला गेला. त्याचं तोंड भरलेलं होतं, म्हणून बायकोच उठली.

"त्यांनी खाल्लंय. पुढच्याला घ्या."

क्रेनवर दुसरा बसला, आणि त्या दोन दिवसांच्या उपासाचं पारणं बायकोनं महिनाभर शिवणाच्या कारखान्यात दुहेरी पाळी करून फेडलं.