तिसरी लेन्स

जुन्या कॅमेऱ्यांच्या दुकानात शिक्षिका आपला ट्रायपॉड दुरुस्तीला घेऊन उभी होती. तिच्या पुढे एक वयस्कर गृहस्थ होते आणि त्यांची मुलगी. गृहस्थांनी कॅमेरा दुकानदारापुढे काउंटरवर ठेवला, तो जवळजवळ आपटलाच.

“ही तिसरी लेन्स दिलीस मला. हिचेही फोटो धूसर!”

“काका, मी स्वतः तपासून दिलीय.”

“मग हा बघ, तुझ्या भिंतीवरच्या दरपत्रकाचा आत्ता काढलेला. एक आकडा तरी वाचता येतोय?”

“जरा कोपर टेकवून काढलात तर...”

“चाळीस वर्षं फोटो काढतोय मी. मला शिकवू नकोस.”

“बाबा, हात हलला तरी सांभाळून घेणारी लेन्स मिळते आता. ती घेऊ या ना.”

“का? माझ्या हाताला काय धाड भरलीय?”

“तसं नाही हो...”

“मग तू काढ. हीच लेन्स, हीच जागा. एकदाचा सोक्षमोक्ष लागू दे.”

“राहू दे ना, बाबा.”

“काढ म्हणतो ना!”

मुलीने फोटो काढला. तिच्या खांद्यावरून शिक्षिकेला कॅमेऱ्याचा पडदा दिसला. दरपत्रकातली सगळ्यात खालची बारीक ओळसुद्धा वाचता येत होती. मुलीचा अंगठा पटकन दोन बटणांवरून फिरला.

“माझाही धूसरच आला, बाबा. लेन्सच बाद आहे.”

“देतो, काका. लगेच बदलून देतो.”

“थांब रे. आण तो कॅमेरा इकडे.”

“बाबा, चला ना आता.”

“माझे धूसर फोटो सगळे आहेत यात. तुझा तेवढा का पुसलास?”